घरचे वडीलधारे 'हवामान बदल हे सगळं थोतांड' म्हणतात, त्यांच्याशी कसं बोलायचं?

येळ्ळूरचा_गडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो. आमचं घर बेळगावजवळच्या येळ्ळूरला, शेती भाताची, मी उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला. यंदा गणपतीत सगळे भाऊबंद जमले होते, जेवताना पावसाचा विषय निघाला. २०२३ ला ऑगस्ट महिना कोरडा गेला, २०२५ ला २४ मे लाच केरळात मान्सून आला आणि आमच्या इकडं मे मध्येच एवढा ओतला की धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानातली पेरणी, करायला रान वाळलंच नाही, बऱ्याच जणांचं बियाणं घरातच राहिलं. मी म्हटलं हे हवामान बदलामुळं होतंय. तर काका म्हणाले असलं काय नसतंय, ७२ चा दुष्काळ पडला तेव्हा कुठं होता तुझा कार्बन? मोबाईलवर आलेला एक व्हिडिओ दाखवला, त्यात एक माणूस सांगतोय की हवेत कार्बन डायऑक्साईड वायू ०.०४ टक्के पण नीट नाही, एवढ्याशानं काय होणार, हा सगळा मोठ्या देशांचा धंदा आहे. वर म्हणाले हवामान खात्याला उद्याचा पाऊस सांगायला येईना आणि पन्नास वर्षांनंतरचं सांगालेत.

मी चिडलो. सगळ्यांसमोर 'तुम्हाला यातलं काय कळतंय' असं बोलून गेलो. काका काही बोलले नाहीत, पान तसंच ठेवून उठले. ज्या माणसानं मला चिखलणी शिकवली, पाण्याचा वास घेऊन वळीव कुठल्या बाजूनं येणार ते सांगतो, त्याला मी असं बोललो, तेव्हापासून मनात सलालंय. वाद जिंकायचा नाही मला. पण पुढच्या वर्षी कुठलं बी घ्यायचं, कधी पेरायचं हे आम्ही दोघांनीच ठरवायचंय आणि ते जर 'पाऊस हाय तसाच हाय' धरूनच चालले तर कसं करायचं? तुमच्या घरात असं झालंय काय? काय सांगितलंत?

कडोलीचा_शेतकरी

दादा, आधी काकांकडं जा आणि पाया पड, बाकीचं नंतर. आमच्यात बाबांना मी असंच तोडून बोललो होतो, त्यानंतर सहा महिने ते शेतातलं काही सांगायचेच बंद झाले, नुकसान माझंच झालं.

आता ते ०.०४ टक्क्याचं. हे मी आमच्या कट्ट्यावर सांगितलं आणि माणसं गप झाली, गप म्हणजे रागानं नव्हे, विचार करालेत म्हणून. आपला पाठीवरचा पंप १५ लिटरचा. तुडतुड्याला औषध मारताना टोपणानं किती घालतोस? ५-६ मिली. १५ लिटरात ६ मिली म्हणजे किती झालं, हिशेब कर, बरोबर ०.०४ टक्के. आता कुणी म्हणून बघू दे की एवढ्याशानं काय होतंय आणि तोच पंप तोंडाला फडकं न बांधता मारून बघू दे. थोडं आहे म्हणून त्याचं काम थोडं असं नसतं, कशाचं थोडं ते बघावं लागतं. आणि तो वायू आधी एवढा नव्हताच की, कारखाने यायच्या आधी दहा लाखात २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. म्हणजे दीडपट. औषध दीडपट घातलं तर पिकाचं काय होतं ते काकांना तुला सांगायची गरज नाही, ते तुलाच सांगतील.

आणि ७२ चं म्हणशील तर काका बरोबरच बोलालेत. दुष्काळ आधी पण पडायचेच, त्या वर्षी पॅसिफिक समुद्रात एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापतं आणि आपल्याकडं बऱ्याचदा पाऊस कमी पडतो. पण बांध खेकड्यानं पोखरला तरी फुटतो आणि कुणी कुदळ मारली तरी फुटतो. मागं दहा वेळा खेकड्यानं फुटला होता म्हणून आजचा पण खेकड्यानंच फुटला असं आपण म्हणतो काय? खाली उतरून माती बघतो, बीळ आहे की घाव आहे. तेवढंच करायचंय.

शंका_आहे

मी मोकळेपणानं लिहितो, मला पण हे पूर्ण पटत नाही आणि मी काही अडाणी नाही, आयटीआय झालेला माणूस आहे. कारणं सांगतो. शहापूर वडगावच्या शिवारात दर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात उभं राहतं. नाल्यात गाळ, जलपर्णी, दोन्ही बाजूनं भराव. वर्षानुवर्षं साफ करा म्हणून शेतकरी ओरडालेत. आणि आता जो उठतो तो म्हणतो हवामान बदल. म्हणजे नाला साफ न करणारे सुटले, दोष आभाळाला. माझी शंका इथून सुरू होते.

दुसरं, कार्बन क्रेडिट म्हणून आमच्याकडं माणसं आली होती, झाडं लावा पैसे मिळतील, सह्या घेऊन गेली आणि परत फिरकली नाहीत. मग मी कुणावर विश्वास ठेवू?

आणि कडोलीच्या दादांचं बांधाचं उदाहरण आवडलं, पण कुदळीचा घाव आहे हे कशावरून? सूर्यच जास्त तापत असेल तर? ज्वालामुखीतून पण वायू येतोच की. गोव्याच्या रस्त्याला रुंदीकरणात केवढी झाडं गेली, त्यानं गरम झालं म्हटलं तर मला पटतं. रागानं विचारत नाही, खरंच विचारालोय.

निपाणीच्या_बाई

मी तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, आता रिटायर. 'शंका आहे' भाऊ, तुमच्यासारखं विचारणारं पोर वर्गात असलं की मला बरं वाटायचं, कारण जे विचारतच नाही त्याला काय वाटतंय ते कळतच नाही.

घाव कसा ओळखतात ते सांगते. सूर्याकडून किती उष्णता येते ती उपग्रहावरून १९७८ पासून सलग मोजतात. त्यात अकरा वर्षांचा चढउतार दिसतो पण चढत गेलेली नाही, आणि तापमान मात्र त्याच काळात चढत गेलं. दुसरी खूण याहून पक्की. कार्बन डायऑक्साईड पृथ्वीला गोधडीसारखा असतो. आपण गोधडी पांघरतो, गोधडी स्वतः काही तापत नाही, अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे गोधडीच्या आत ऊब वाढते आणि बाहेरच्या बाजूला कमी पोचते. सूर्य जास्त तापला असता तर हवेचा वरचा थर आणि खालचा थर दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापलाय आणि वरचा, ज्याला स्ट्रॅटोस्फिअर म्हणतात तो, थंड झालाय. हे गोधडीचं लक्षण आहे. ज्वालामुखींचं म्हणाल तर सगळ्या जगातले मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साईड सोडतात तो माणसानं सोडलेल्याच्या १ टक्का पण होत नाही. आणि कोळसा, डिझेल हे कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेलं असतं त्यामुळं त्यातल्या कार्बनचा ठसाच वेगळा असतो, तोच ठसा आता हवेत वाढलेला सापडतो. कोणी सोडला हे त्यावरून कळतं.

हा काही काल परवाचा शोध पण नाही. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, कार्बन डायऑक्साईडची नळी सगळ्यात जास्त तापली आणि सावलीत आणल्यावर निवायला पण तिलाच जास्त वेळ लागला. १८५६, म्हणजे आपल्याकडं १८५७ च्या बंडाच्या आदल्या वर्षी. तेव्हा कुठलं कार्बन क्रेडिट आणि कुठला धंदा. मी हा प्रयोग आठवीच्या मुलांना बाटल्या, खायचा सोडा आणि व्हिनेगर देऊन करायला लावायची, साध्या थर्मामीटरवर फरक बारीक दिसतो, नीट जमला नाही तर दिसत पण नाही, पण एक बाई हे दीडशे वर्षांपूर्वी करून बसलीय हे ऐकल्यावर मागच्या बाकावरच्या मुली ताठ बसायच्या ते मला अजून आठवतं.

सह्या घेऊन पळालेल्या माणसांबद्दल तुमचा राग रास्तच आहे. पण भेसळीचं खत विकणारा भेटला म्हणून नत्र नावाची वस्तूच नाही असं आपण म्हणत नाही. विकणाऱ्यावर संशय घ्या, जरूर घ्या, थर्मामीटरवर घेऊ नका.

झाडांचं अर्धं खरं. सावली गेली की रस्ता तापतो, गाव तापतं. पण सगळ्या पृथ्वीचं तापमान वाढायला मुख्य कारण कोळसा, तेल आणि गॅस जाळणं. एक लिटर डिझेल जाळलं की अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साईड निघतो, लिटरभर डिझेलचं वजन किलोभर पण नसतं मग एवढा कुठनं आला म्हणाल तर जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो.

येळ्ळूरच्या दादांना एक वेगळंच सांगायचंय. तुमचे काका, माझे थोरले दीर, ही माणसं मराठी शाळेत शिकली. सरकारी हवामान सल्ला येतो तो कन्नडमध्ये, शेतीखात्याच्या रयत संपर्क केंद्रातला कागद कन्नडमध्ये. टीव्हीवर मराठी बातम्या लावल्या तर पाऊस कोल्हापूरपर्यंत सांगतात आणि कागलच्या पुढं नकाशाच संपतो. आमच्या निपाणीतून कागल म्हणजे हाकेच्या अंतरावर, तरी आम्ही नकाशात नाही. मग या माणसांना त्यांच्या भाषेत, त्यांच्याशी बोलल्यासारखं कोण बोलतं? मोबाईलवरचा तो व्हिडिओवाला. तो निदान 'काका' म्हणून सुरुवात करतो. आपण शिकलेली माणसं त्यांच्याशी बोलतच नाही, आणि बोललो तर दुरुस्त करायलाच बोलतो. मला तर वाटतं निम्मी शंका विज्ञानावर नाहीच, 'आम्हाला कुणी विचारत नाही' याची आहे.

आणि दोष देऊन बोलू नका एवढं तर नक्की. आपल्या देशात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साईड निघतो, अमेरिकेत १४ च्या आसपास. एक म्हैस आणि दोन एकर भात असलेल्या माणसाला 'तुमच्यामुळं' असं ऐकू आलं की तो उठून जाणारच, आणि उठून जाणंच बरोबर आहे.

कृष्णाकाठ_चिकोडी

बाईंचं सगळं मान्य, मी एक सावधगिरीचं सांगतो कारण इथंच आपली माणसं घसरतात. आमचं गाव नदीला लागून. २००५, २०१९, २०२१ तिन्ही पूर बघितले. २०१९ ला घरात छातीएवढं पाणी होतं, जनावरं सोडून दिली आणि आम्ही शाळेत जाऊन राहिलो, पाणी उतरल्यावर भिंतीवर जी रेघ उठली ती मी अजून रंगवलेली नाही. त्या वेळी एका सभेत एक जण आला आणि म्हणाला हा पूर हवामान बदलामुळं आला. मागनं एक आजोबा उठले, म्हणाले वरनं कोयनेचं पाणी कधी सोडलं, खाली अलमट्टीत किती अडवलं, नदीच्या पात्रात किती बांधकाम झालं ते आधी सांग. त्याला उत्तर देता आलं नाही आणि सभा तिथंच संपली. आजोबांचं चुकलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी की दोन्ही आहे. हवा एक अंश तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, म्हणून जेव्हा ओततो तेव्हा जास्त ओततो. ते पाणी पुढं कुणाच्या घरात शिरणार हे धरण, नाला, भराव, पूल यावर ठरतं. 'शंका आहे' भाऊंचा बळ्ळारी नाला त्यातलाच. उलट पाऊस जोराचा होणार असेल तर नाला साफ करणं आणखी गरजेचं झालं, सुटला कुठं तो? हे असं सांगितलं तर ती माणसं आपल्याबरोबर येतात. प्रत्येक पुराला एकच कारण चिकटवायचं नाही. आपणच जास्तीचं बोललो की मग खरं बोललेलं पण कुणी धरत नाही.

एका गावच्या एका वर्षावरून पण काही म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यात कणकुंबीला कोसळतो आणि त्याच वेळी अथणीची माणसं ढग बघत बसलेली असतात. २०२३ चा ऑगस्ट सगळ्या देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, पण त्यात एल निनोचा हात होता. एक वर्ष म्हणजे हवा, तीस वर्षं म्हणजे हवामान. काकांचं ते 'उद्याचं सांगायला येईना' पण इथंच सुटतं. उद्या येळ्ळूरला चार वाजता पाऊस येईल काय हे सांगणं अवघडच आहे. पण मे महिना जानेवारीपेक्षा गरम असणार हे काका स्वतः पैज लावून सांगतील की नाही? तिथं कुणाला उद्याचं माहीत असायला लागत नाही.

शंका_आहे

नाल्याचं जे लिहिलंय ते कुणीतरी पहिल्यांदा असं बोललं. सूर्याचं आणि वरच्या थराचं मला माहीत नव्हतं, वाचतो आणखी. क्रेडिटवाल्यांवर विश्वास नाहीच.

येळ्ळूरचा_गडी

मंडळी, महिन्याभरानं लिहितोय, उशीर झाला.

कडोलीच्या दादांनी सांगितलं तसं आधी काकांकडं गेलो. काही बोललो नाही, म्हशीला वैरण घातली, त्यांनी चहा दिला, झालं. पंपाचं उदाहरण मी काढलंच नाही, हिंमत झाली नाही खरं तर.

पुढं घटस्थापनेच्या आधी घर झाडायला काढलं. माळ्यावर एका पिशवीत आजोबांची भिंतीवरची जुनी कॅलेंडरं निघाली, १९९१ पासून ते जाईपर्यंतची, पुढं काकांनी चालू ठेवलेली. मधली चार-पाच उंदरांनी खाल्लीत. दुधाचा हिशेब, म्हैस कधी फळली, कुणाचं लग्न, आणि चौकोनात पेन्सिलीनं पावसाचं. 'वळीव.' 'पेरणी वरचं टेक.' 'मृग कोरडा.' 'झड.' हे 'झड' फार वेळा. म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुष्य नक्षत्रात, तर ओळीनं आठ आठ दिवस, झड, झड, झड. काका आणि मी सोप्यात चटई टाकून बसलो, ते वाचत होते आणि मी वहीत उतरवून घेत होतो, मी काही बोलायचंच नाही असं ठरवलं होतं.

मला वाटलं होतं पेरणीची तारीख सरकलेली दिसेल. तसं काही दिसलं नाही, कधी मे अखेर कधी जून, आधी पण तसंच आणि आता पण तसंच. पण अलीकडच्या वर्षांवर आले तसे काका सावकाश वाचायला लागले. मग थांबले. म्हणाले, "झड कुठं लिहिलंय बघ की रे." चौकोन रिकामे, रिकामे, रिकामे, आणि मधेच एकात 'बांध फुटला'. परत रिकामे. ऑक्टोबरात 'भात आडवं पडलं, कोंब आले'. दोन वर्षं पाठोपाठ तेच. आजोबा म्हणायचे पडल्या स्वाती तर पिकतील मोती, आणि आता स्वातीत पडला की कापणीला आलेलं भात चिखलात झोपतंय. काका म्हणाले, मला वाटायचं मीच लिहायचा कंटाळा करालोय, म्हणून कमी दिसतंय.

कृष्णाकाठच्या दादांचं डोक्यात होतं म्हणून मीच म्हटलं, काका हे आपल्या एका घरचं आहे, यावरनं सगळ्या जगाचं ठरत नाही. आणि मग पुण्याच्या हवामान संस्थेतले रॉक्सी कोल यांचं वाचलेलं सांगितलं, त्यांनी १९५० ते २०१५ चा मध्य भारतातला पाऊस तपासला, मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्यात, आणि एकूण पाऊस मात्र कमी होत आलाय. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर विचारलं, "त्यांनी पण असंच लिहून ठेवलं होतं काय कुणीतरी?" मी म्हटलं व्हय, ठिकठिकाणी माणसं रोज मोजून लिहीत होती म्हणूनच कळलं.

कार्बन पटला काय, नाही माहीत. तो विषय निघाला नाही, मी काढला पण नाही. पण पुढच्या वर्षी अर्ध्या रानात लवकर येणारं बी घालू आणि वरच्या टेकाचा बांध दगडानं बांधून घेऊ, हे त्यांनीच काढलं.

आता एक कामाचं. काका म्हणालेत 'झड' आणि 'वळीव' लिहून भागत नाही, किती पडला ते आकड्यात पाहिजे. डबा ठेवून मोजता येतं म्हणे. बाई, तुम्ही शाळेत करायला लावत असाल तर सांगा. कसला डबा घ्यायचा, आणि गच्चीवर ठेवला तर चालेल काय, काका विचारालेत.

निपाणीच्या_बाई

गच्चीवर नको, वाऱ्यानं थेंब उडतात. अंगणात किंवा शेतात मोकळ्यावर ठेवा, भिंत नि झाड यांच्यापासून लांब, दगडावर फूटभर उंच आणि वाऱ्यानं पडणार नाही असा दाबून. डबा सरळ बाजूंचा घ्या, वर तोंड आणि खाली बूड सारखं असलेला, बिस्किटाचा गोल पत्र्याचा चालतो, वर निमुळता होणारा चालत नाही. आत शाळेची पट्टी उभी धरायची, पट्टीवर शून्याच्या आधी जी कोरी जागा असते ती आधी घासून काढा नाहीतर रोज दोन-चार मिलिमीटर चुकेल. जेवढे मिलिमीटर पाणी तेवढा पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एक इंच पडला तर एका एकरावर लाखभर लिटर पाणी पडलं, हा हिशेब काकांना सांगा, आवडेल.

रोज सकाळी साडेआठला मोजा आणि डबा रिकामा करा, हवामान खातं पण साडेआठलाच मोजतं म्हणजे ताडून बघता येईल. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीपर्यंत आपोआप नोंदणारे पर्जन्यमापक बसवलेत, तुमच्या पंचायतीत विचारून तो आकडा शेजारी लिहा. कन्नडमध्ये असेल तर इथं फोटो टाका, मी वाचून देते. आणि पडला नाही त्या दिवशी चौकोन रिकामा ठेवायचा नाही, शून्य लिहायचं.